स्वतःच्या दाराची फी

जगात बंद दार नावाची वस्तूच अस्तित्वात नाही, असे चावीवाल्याचे ठाम मत होते. दार असते, कुलूप असते आणि त्यांच्यासमोर धीर सुटलेला एक माणूस असतो. या तिघांपैकी माणूस तेवढा बाजूला झाला की दार उघडते. हे तत्त्वज्ञान तो प्रत्येक गिऱ्हाइकाला किल्लीबरोबर फुकट देत असे. गिऱ्हाईक किल्ली तेवढी घेऊन जाई.

ज्या दिवसाची ही हकीकत आहे, त्या दिवशी हाच चावीवाला स्वतःच्या घराच्या दारासमोर हत्यारांची पेटी उघडून गुडघ्यांवर बसला होता आणि मनातल्या मनात विनवत होता, "देवा, एवढं हे एक दार उघडू देऊ नकोस."

त्याला या अवस्थेला आणले ते किल्ल्या कापायच्या मशीनने. मशीन हिरवे होते, विजेवर चालायचे, आणि हप्त्यांवर घेतलेले होते. त्याआधी तो कानशीने घासून किल्ली बनवी. तेवढ्या वेळात समोर बसलेले गिऱ्हाईक आपल्या घराण्याचा इतिहास सांगून संपवी आणि शेजाऱ्यांच्या घराण्याला सुरुवात करी. मशीन आले आणि चहा निवायच्या आत किल्ली हातात पडू लागली. चावीवाला रोज संध्याकाळी ते मऊ फडक्याने पुसे. लग्न झाल्यापासून या माणसाने इतक्या मायेने दुसरे काहीही पुसलेले नाही, असे त्याची बायको म्हणे, आणि ते खरे होते.

शेवटचे दोन हप्ते थकले. थकले याचे कारण त्याचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक, म्हणजे जप्तीचे ऑफिस. ज्या घरात जप्तीवाल्यांना कोणी दार उघडत नसे, तिथे ते चावीवाल्याला घेऊन जात. तो दार उघडून देई आणि बाजूला उभा राही. मग बिल देई. महिन्याभराने विचारायला गेला की उत्तर मिळे, "तुमचं बिल वर पाठवलंय." वर म्हणजे कुठे, हे त्याला कधी कळले नाही. त्या ऑफिसला एकच मजला होता.

मशीनच्या दुकानदाराने दोन महिने वाट पाहिली आणि कोर्टात गेला. कोर्टाने हुकूम दिला, आणि हुकूम वसुलीला आला तो त्याच ऑफिसात. म्हणजे जे त्याचे पैसे देत नव्हते, तेच आता त्याने पैसे का दिले नाहीत हे विचारायला येणार होते.

आले. पण त्यांना ठाऊक नव्हते की ते कोणाकडे आले आहेत. त्याचे कारण साधे होते. ऑफिसात तो "चावीवाला" होता. गल्लीत "चावीवाला" होता. बायको त्याला "अहो" म्हणे आणि सासरे "जावईबापू" म्हणत. कागदावर जे लांबलचक नाव होते, वडिलांच्या नावासकट, ते त्याने स्वतः शेवटचे ऐकले ते लग्नात, आणि तेव्हाही क्षणभर त्याने मागे वळून पाहिले होते.

पहिल्या खेपेला जप्तीवाले आले तेव्हा बायकोने दार उघडले नाही. दुसऱ्या खेपेलाही उघडले नाही. पहिल्या दोन खेपांना जप्तीवाल्यांना दार उघडवता येत नाही आणि तिसऱ्या खेपेला चावीवाला आणून उघडवता येते, हा कायदा तिला तोंडपाठ होता. तिला तो नवऱ्यानेच शिकवला होता. जेवताना तो धंद्यातल्या गोष्टी फार रंगवून सांगे.

"एक लठ्ठ होता आणि एक ताडमाड उंच," पहिल्या खेपेनंतर तिने सांगितले.

चावीवाल्याचा घास हातातच राहिला. लठ्ठ म्हणजे बेलिफसाहेब. उंच म्हणजे त्यांच्याबरोबर सामान उचलायला असतो तो लांब्या. दुसऱ्या खेपेच्या तपशिलात शिरायला चावीवाल्याला आवडत नसे. त्यानंतर त्याने एवढे मात्र केले की, दुकानातले मशीन चादरीत गुंडाळले, खांद्यावर घेतले आणि जिना चढून घरी आणून पलंगाशेजारी ठेवले. दुकान रस्त्यावर, कोणीही यावे आणि उचलून न्यावे. घर म्हणजे घर. त्याला स्वतःच्या शहाणपणाचे इतके कौतुक वाटले की त्या रात्री तो दोनदा उठून चादर नीट करून आला.

तिसऱ्या खेपेच्या दिवशी सकाळी जप्तीची गाडी त्याच्या दुकानापुढे थांबली.

"चावीवाले, बसा गाडीत," बेलिफसाहेबांनी खिडकीतून सांगितले. "एक दार आहे."

साहेब पुढे बसले, लांब्या गाडी चालवायला बसला. चावीवाला मागे बसला, जिथे जप्त केलेले सामान ठेवतात तिथे. सोबतीला कोणाचा तरी टेबलपंखा होता.

"कोणाकडे जायचंय साहेब?"

"आहे एक बेरकी माणूस. यंत्र घेतलंय हप्त्यांवर आणि शेवटचे दोन हप्ते बुडवलेत." साहेबांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून ते लांबलचक नाव वाचले. "ओळखता?"

"नाव ऐकल्यासारखं वाटतंय," चावीवाला म्हणाला.

"बायको तर त्याच्या वरताण. दोनदा गेलो, दार उघडत नाही. पण एक गंमत सांगू? यंत्र दुकानात असतं ना, तर आम्हाला बोट लावता आलं नसतं. धंद्याच्या जागेतलं हत्यार जप्त करता येत नाही. कायदाच आहे तसा. पण हा शहाणा यंत्र घरी घेऊन गेला. खालच्या मजल्यावर एक मावशी आहेत, त्या काल बाजारात भेटल्या, त्यांनी सांगितलं, चादरीत गुंडाळून आणलंय म्हणून. घरात आलं की ते घरसामान. काय?"

चावीवाल्याने टेबलपंख्याला घट्ट धरले.

"तोंड का उतरलं हो तुमचं?" लांब्याने आरशातून विचारले.

"पोटात कळ आली. मी म्हणतो, आज दुसऱ्या कोणाला न्याल का?"

"नेऊ की," साहेब म्हणाले. "तो दुसरा आहे ना, पहारवाला. तो कुलपाच्या नादालाच लागत नाही. चौकटीसकट दार काढतो. त्याची फी दुप्पट, वर सुताराची फी, वर पडलेली माती उचलायची फी. सगळी त्या माणसाच्याच बोकांडी. आपलं काय जातंय?"

"कळ गेली," चावीवाला म्हणाला.

गाडी त्याच्या गल्लीत वळली, त्याच्या इमारतीपाशी थांबली आणि तो स्वतःच्या घराचा जिना चोरासारखा चढू लागला. खालच्या मजल्यावरच्या मावशी उंबऱ्याशी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी पुढे साहेब पाहिले, मागे लांब्या पाहिला, आणि दोघांच्या मधे हत्यारांची पेटी घेऊन चाललेला चावीवाला पाहिला. चावीवाल्याने त्यांच्याकडे डोळ्यांनी हात जोडले. मावशींनी तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनी शेंगांचे ताट उचलले आणि चार पायऱ्या वर, जिथून नीट दिसेल अशा ठिकाणी, बैठक हलवली. इतकी करमणूक एका वाक्यात उधळून टाकणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

साहेबांनी दार वाजवले. "जप्ती! दार उघडा!"

"घरात कोणी नाही," आतून बायकोचा आवाज आला.

"मग बोलतंय कोण?"

"तेच सांगायला थांबलेय."

"बाई, ही तिसरी खेप आहे. आम्ही चावीवाला आणलाय."

आत खुर्ची करकरली. मग बायको ठामपणे म्हणाली, "आणा. माझ्या नवऱ्याने बसवलेलं कुलूप आहे ते. तुमच्या चावीवाल्याच्या बापाला उघडायचं नाही."

चावीवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढले आणि लगेच उतरले.

तो गुडघ्यांवर बसला. पेटी उघडली. एक एक हत्यार बाहेर काढून पुसले, ओळीने मांडले, ओळ वाकडी वाटली म्हणून पुन्हा मांडली. कुलपाला कान लावला. डोळा लावला. मान हलवून म्हणाला, "अवघड आहे साहेब. बाहेरच्या बनावटीचं दिसतंय."

"असेल," साहेब म्हणाले. "थांबण्याची फी चालूच आहे."

"तीही लागते?"

"मग? आम्ही काय हवा खायला उभे आहोत?"

चावीवाल्याने एक तार आत घातली आणि बाहेर काढली. दुसरी घातली, बाहेर काढली. उसासा टाकला. इतका वाईट अभिनय त्याने आयुष्यात केला नव्हता, पण बघणारे खूष होते. मावशींनी शेंगा सोलायचे केव्हाच थांबवले होते.

"काय चावीवाले," लांब्या म्हणाला, "वय झालं वाटतं. त्या बँकवाल्याच्या घरी याच्या दुप्पट मोठं कुलूप होतं. बोलता बोलता उघडलंत की."

तो टोमणा नेमका जिव्हारी लागला. "वय?" चावीवाला म्हणाला. "अरे, बँकवाल्याचं कुलूप उघडलं तेव्हा तू जिन्यात डुलक्या घेत होतास. त्यात खोटा खटका होता. खोटा! साधा माणूस असता तर तार तिथेच अडकली असती. मी काय केलं, तार घातली ती अशी खालून. लक्ष दे. खालून घालायची, अर्धा वळसा द्यायचा, आणि जिथं बोट म्हणतं आता पुढे जा, तिथं थांबायचं. थांबायचं! सगळी कला थांबण्यात आहे. मग हलकेच, अस्सं..."

कुलूप खट्‌कन उघडले.

चावीवाला स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. हात जागच्या जागी होता, फार प्रसन्न दिसत होता.

"वा!" साहेब म्हणाले आणि दार ढकलले. दार वीतभर उघडले आणि अडले. आतून साखळी लावलेली होती. त्या वीतभर फटीत बायकोचा एक डोळा आला. त्या डोळ्याने साहेब पाहिले, लांब्या पाहिला, मग तो खाली वळला.

"अहो!" ती किंचाळली. "तुम्ही?"

साहेबांनी बायकोकडे पाहिले, चावीवाल्याकडे पाहिले, हातातल्या कागदावरच्या लांबलचक नावाकडे पाहिले. मग तो कागद चावीवाल्याच्या तोंडाशेजारी धरून पाहिला, जणू नाव आणि तोंड यांत काही साम्य सापडेल.

"हे तुम्ही?"

"हो," चावीवाला म्हणाला.

"आणि नाव ऐकल्यासारखं वाटतंय म्हणालात?"

"ऐकलेलं होतंच की साहेब."

"स्वतःच्या घरावर जप्तीवाले घेऊन आलात!" फटीतला डोळा म्हणाला. "वर कुलूप उघडून दिलंत! मी इथं सकाळपासून दाराशी खुर्ची टाकून बसलेय, आणि हे बाहेरून कला दाखवतायत! आवाज ऐकला तेव्हा म्हटलं, सगळेच चावीवाले अशा बढाया मारत असतील!"

"अगं, मला त्यांनी गाडीत घातलं..."

"मग उतरायचं होतं!"

"पुरे," बेलिफसाहेब म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. कोणत्याही गोंधळात साहेबांना सावरणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे फीचा हिशेब. "कायद्याला नवरा-बायको दिसत नाहीत. कुलूप उघडलेलं आहे. आता साखळी काढा, नाहीतर साखळी तोडायची फी पडेल. बाकी ऐका. मूळ देणं, दोन हप्ते. नोटिशीची फी. पहिल्या खेपेची फी. पहिल्या खेपेस चावीवाला, त्याची फी. दुसऱ्या खेपेची फी. दुसऱ्या खेपेस चावीवाला, त्याची फी. तिसऱ्या खेपेची फी, चावीवाला आहेच. जिन्याची फी..."

"जिना आमचा आहे," बायको म्हणाली.

"चढलो आम्ही. थांबण्याची फी. एकूण देणं सहा हप्त्यांच्या वर गेलंय. पैसे ठेवा, नाहीतर यंत्र बाहेर काढा."

पलंगाशेजारचे ते हिरवे मशीन चावीवाल्याच्या डोळ्यांपुढे आले. ते गेले तर पुन्हा कानस आणि पुन्हा लोकांची घराणी. आणि त्याच्या वयाला आता तेवढे ऐकवत नव्हते.

"एक मिनिट," फटीतून आवाज आला. "पहिल्या खेपेला चावीवाला कुठला? तुम्ही दोघंच होता. मी भोकातून बघितलं."

"होता," साहेब म्हणाले. "खाली जिन्यात उभा होता. आम्ही एकच चावीवाला नेतो. हाच."

डोळा पुन्हा खाली वळला, आणि या वेळी त्यात किंचाळी नव्हती, ते जास्त वाईट होते. "तुम्ही खाली जिन्यात उभे होता? मी वर एकटी, आणि तुम्ही खाली?"

इथे चावीवाला खरोखर अडचणीत सापडला. होय म्हणावे, तर साहेब खूष, ऑफिसचे काम शाबूत आणि घरात पाय ठेवायची सोय नाही. नाही म्हणावे, तर साहेब खोटे ठरतात, आणि ज्या साहेबाला आपण खोटे ठरवले तो पुन्हा गाडी घेऊन दुकानापुढे थांबत नाही. त्याने लांब्याकडे पाहिले. लांब्या छताकडे पाहत होता. छत त्याच्या डोक्याला जवळच होते.

"मी नव्हतो," चावीवाला म्हणाला. "पहिल्या खेपेला मी दुकानात होतो. मला बोलावलंच नव्हतं."

"विसरलात तुम्ही," साहेब गोड आवाजात म्हणाले. "पुष्कळ दारं उघडता. लक्षात राहत नाही. बरं, पहिली खेप सोडा. दुसऱ्या खेपेला तर नक्की होता."

"दुसऱ्या खेपेला?" बायको म्हणाली. "दुसऱ्या खेपेला हे घरात होते!"

"अगं, नको," चावीवाला म्हणाला.

"नको काय? दाढ दुखत होती म्हणून दुकानात गेले नव्हते. तुम्ही दार वाजवलंत तेव्हा हे माझ्या मागे होते. म्हणजे आधी मागे होते. मग पलंगाखाली होते."

खालच्या पायरीवरून मावशींचा "अगंबाई" असा समाधानाचा हुंकार आला.

चावीवाल्याचे कान तापले. गल्लीत त्याला मान होता. मोठमोठ्या कुलपांपुढे न डगमगणारा माणूस म्हणून त्याचे नाव होते. आता मशीन वाचवायचे तर सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने, एकच गोष्ट कबूल करायला हवी होती. त्याने हत्यारे पेटीत ठेवली, गुडघे झटकले आणि उभा राहिला.

"होय," तो म्हणाला. "मी पलंगाखाली होतो."

"कोण मानणार?" साहेब म्हणाले. "स्वतःच्या फायद्याचं कोणीही सांगेल. पलंगाखाली होतो, म्हणे! पुरावा काय?"

"तुम्ही बाहेर उभं राहून काय बोललात ते सांगतो. आधी मोठ्यांदा म्हणालात, 'कायद्याला कोणतंही दार अडवू शकत नाही.'"

"ते मी सगळीकडे म्हणतो."

"मग हळू आवाजात लांब्याला म्हणालात, 'आपला मोठा साहेब म्हणजे खुर्चीत ठेवलेलं गाठोडं आहे. उद्या त्यालाच जप्त करून लिलावात उभं केलं, तर एक माणूस बोली लावायचा नाही.'"

लांब्याला हसू आवरेना. "हे साहेब बोलले होते," तो म्हणाला. "मी तेव्हाही हसलो होतो."

"मीही ऐकलं," मावशी म्हणाल्या. "गाठोडं. बरोबर."

बेलिफसाहेबांनी खिशातून रुमाल काढून मानेचा घाम पुसला. जिना चढून दहा मिनिटे झाली होती, तेव्हा हा घाम जिन्याचा नव्हता. "बरं," ते म्हणाले, "लिहिणाऱ्याची चूक झाली असेल."

"लिहिता तुम्हीच," लांब्या म्हणाला.

"तू गप्प बस. ती चावीवाल्याची फी काढतो. दोन्ही खेपांची. गाठोड्याचं मात्र..."

"कसलं गाठोडं?" बायको फटीतून म्हणाली. "हे पलंगाखाली होते. तिथं नीट ऐकू येत नाही. आणि जिन्याची फी?"

साहेबांनी जिन्याची फी खोडली. कागद लांब्याच्या पाठीवर ठेवून ते खोडाखोड करत होते. लांब्याची पाठ अशा कामाला फार सोयीची होती.

"थांबण्याची?"

थांबण्याचीही खोडली.

"आजच्या चावीवाल्याची पण खोडा."

"ती नाही!" हा आवाज चावीवाल्याचा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. "ती ठेवा. आजचं काम झालेलं आहे. कुलूप उघडलंय. माझी मेहनत आहे ती."

"अहो, ती आपणच भरायची आहे!"

"भरू. पण लावलीच पाहिजे. फुकट दार उघडलं असं गल्लीत झालं तर उद्या कोण पैसे देईल?"

बायकोने कपाळाला हात लावला. फटीतून तिचे अर्धेच कपाळ दिसत होते. मग तिला काहीतरी सुचले असावे, कारण डोळा एकदम बारीक झाला.

"बरं, मेहनतीचं निघालंच आहे तर एक विचारते. त्या बँकवाल्याच्या दाराचे पैसे यांना मिळाले?"

"बिल वर पाठवलंय," साहेब म्हणाले.

"त्या डॉक्टरीणबाईंच्या दाराचे? एकमेकांशी न बोलणाऱ्या त्या दोन भावांच्या दाराचे? आणि तो पोपट होता, तुम्ही आत गेलात तर शिव्या देत होता, त्या दाराचे?"

"पोपट मला चावला होता," लांब्याने आठवण सांगितली.

"सगळं वर आहे," साहेब म्हणाले.

"मग ते वरचं खाली आणा आणि यांच्या हप्त्यांत वळतं करा. दोन हप्ते फिटून वर उरेल."

"बाई, असं होत नाही. बिलांचा विभाग वेगळा, वसुलीचा विभाग वेगळा."

"साहेब," लांब्या म्हणाला, "दोन्ही विभाग तुम्हीच बघता."

साहेबांनी लांब्याकडे अशा नजरेने पाहिले की दुसरा कोणी असता तर आखडून गेला असता. लांब्याने फक्त मान जरा खाली घेतली, आणि तीही दाराची चौकट लागेल म्हणून. साहेबांनी खाली पाहिले, समोर पाहिले. खाली मावशी होत्या, समोर डोळा होता, आणि गाठोडे कुठेतरी हवेत लटकत होते. शेवटी त्यांनी लांब्याला पुन्हा पाठ फिरवायला सांगितली आणि तिच्यावर कागद ठेवून लिहिले की चावीवाल्याची सगळी थकलेली बिले देण्यात वळती केली, दोन हप्ते फिटले, आजची चावीवाल्याची फी त्याच्याकडून त्यालाच पोचली, खेपांची फी तेवढी बाकी, ती महिनाअखेर भरावी, आणि जप्ती उठवली. खाली सही केली. लांब्याला गुदगुल्या झाल्या, त्यामुळे सहीला शेवटी एक शेपूट आले.

चावीवाल्याने कागद दोनदा वाचला, फटीतून आत दिला, बायकोने तिसऱ्यांदा वाचला.

"आता साखळी काढ," तो म्हणाला.

"आधी ते खाली जाऊ देत. तुम्हीच सांगितलंय ना, साखळी काढली की एक जण सटकून आत येतो."

जप्तीवाले जिना उतरले. उतरताना मावशींनी लांब्याच्या हातावर मूठभर दाणे ठेवले आणि साहेबांकडे बघून नुसत्या हसल्या. मग साखळी निघाली. चावीवाला घरात आला, सरळ पलंगापाशी गेला आणि मशीनवरची चादर काढली. बायको कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"आता कळलं ना," तो म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता. "कायदा काय, जप्ती काय, शेवटी सगळी कुलपंच. धीर धरणारा माणूस समोर उभा राहिला की..."

"पलंगाखालून?" बायकोने विचारले.

तो पुढचे वाक्य जुळवतच होता, तेवढ्यात दार हळूच वाजले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बायकोने साखळी पुन्हा लावली आणि वीतभर दार उघडले.

बाहेर बेलिफसाहेब होते. एकटेच. हातात कागद नव्हता.

"आता कसली फी?" बायकोने विचारले.

"फी नाही बाई." साहेबांनी मागे जिन्याकडे एकदा पाहून घेतले आणि आवाज खाली आणला. "चावीवाले, मशीन आता घरातच आहे तर एक काम होतं." त्यांनी खिशातून दोऱ्याला बांधलेली एक जुनी किल्ली काढून फटीतून आत धरली. "हिची एक जोड काढून द्याल का?"

चावीवाल्याने किल्ली उजेडात धरून पाहिली. साधी किल्ली होती. "कशाची ही?"

"ऑफिसच्या संडासाची. एकच आहे, मोठ्या साहेबांच्या खणात असते. मागायला गेलं की ते आधी वसुली किती झाली विचारतात. आज सकाळी चुकून माझ्या खिशातच राहिली." साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. "जरा लवकर होईल का? तिकडे मंडळी खोळंबलीत."